माईकमावशीची शेवटची फेरी

१

साहेब, तुम्ही खोट्या कागदावर सही केलीत.

चुकून नाही, घाईत नाही. पेनाचं टोपण काढून, मजकूर वाचून, समजून उमजून केलीत. ‘धावत्या वाहनातून पडून मृत्यू, चालकाचा हलगर्जीपणा.’ त्या एका ओळीत तुम्ही एका बाईला गाडलंत, तिच्या पोराला गजाआड ढकललंत आणि एका आमदाराला संसदेच्या पायऱ्यांवर नेऊन सोडलंत. त्या ओळीत जे मावलं नाही, ते खाली आहे. वाचा. वाचायची सवय तुम्हाला आहेच.

संध्याकाळची सभा होती. आमदारांना सगळं गाव ‘भाऊ’ म्हणायचं. तीन वेळा आमदारकी भोगून भाऊंना आता खासदार व्हायचं होतं, आणि पक्षाचे अध्यक्ष जातीने येऊन मंचावरून त्यांची उमेदवारी जाहीर करणार होते. मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याला एक आडवंतिडवं वळण आहे. त्या वळणाखालच्या झुडपांत, दिवस मावळता मावळता, पंक्चर काढणाऱ्या एका माणसाला नवं लुगडं नेसलेली बाई पालथी पडलेली दिसली. त्याने तिला उताणी केली आणि तो ओरडलाच, “अरे, ही तर माईकमावशी!”

माईकमावशीला न ओळखणारा माणूस त्या गावात नव्हता. तिचा चेहरा एखाद्याला आठवणार नाही, पण आवाज? झोपेतून उठवून विचारा. भाऊ सिमेंटच्या गोण्या विकत होते तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत टेम्पोच्या मागे बसून ती गल्लोगल्ली ओरडली होती. रस्त्यात दिसेल त्याला नावाने हाक मारून, मधेच एखादा टोमणा हाणून. “टेलरमास्तर, शिलाई वाढवलीत, आता मतदानाचा टक्काही वाढवा!” लोक हसायचे आणि मत द्यायचे. भाऊंच्या भाषणाला लोक जांभया द्यायचे, पण मावशीच्या हाकेला दारात यायचे.

टेम्पो चालवायचा तिचा एकुलता एक मुलगा. मैदानावर टेम्पो उभा करून तो मागे गेला, तर मागचं दार उघडं आणि आत आई नाही. वेड्यासारखा रस्त्याने उलटा धावत वळणापर्यंत पोचला, तर तिथे गर्दी. आईला मांडीवर घेऊन त्याने जमलेल्या सगळ्यांसमोर स्वतःच सांगून टाकलं, “मी मारलं हिला. वळणावर जोरात घातली गाडी. मीच मारलं.”

झालं. याहून सोपा गुन्हा कुठला? गुन्हेगार स्वतःच्या तोंडाने कबूल करतोय. मुलगा कोठडीत गेला, तिकडे सभा ठरल्या वेळी सुरू झाली, आणि तुम्ही टेबलावर कागद सरकवून त्या ठाण्यात नव्यानेच आलेल्या फौजदार बाईंना म्हणालात, “पोराने कबूल केलंय. निवडणुकीचे दिवस आहेत. उद्या कागद बंद करून टाका.”

फौजदार बाई बुटकी, जाड भिंगांची, चालताना किंचित लंगडणारी. तिला एक सवय होती. समोरच्याच्या बोलण्यातला एखादा शब्द उचलायची आणि तोच प्रश्न करून परत फेकायची. तिच्या आधीच्या ठाण्यात तिला यावरून ‘पोपट’ म्हणायचे.

“बंद?” ती म्हणाली.

“बंद,” तुम्ही म्हणालात.

ती कागद घेऊन गेली, पण बंद करायला नाही.

२

कोठडीत तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. पुढे चहा निवून गेला होता.

“गाडी किती जोरात होती?” फौजदारने विचारलं.

“माहीत नाही. मी रागात होतो.”

“रागात?”

“सकाळी भांडलो होतो आईशी.” तो वळला. डोळे सुजलेले होते. “आज मंचावरून सगळं सांगणार म्हणाली, अध्यक्षांच्या देखत. मी म्हटलं, आई, गप बस. आपली पोर तिकडे दवाखान्यात आहे, आपलं पोट या टेम्पोवर आहे. तर मला म्हणाली, तुझ्या बायकोचा जाब कोण विचारणार मग?”

बायकोची गोष्ट फौजदारला ठाऊक नव्हती. त्याने थोडक्यात सांगितली. सून बाळंत व्हायची होती. गावच्या दवाखान्यात बाळंतपणाची सोय नाही. भाऊ पहिल्या निवडणुकीत म्हणाले प्रसूतिगृह बांधतो, दुसऱ्यात म्हणाले, तिसऱ्यातही म्हणाले. आणि तिन्ही वेळा ते वचन मावशीनेच भोंग्यावरून घरोघर पोचवलं. वेळ आली तेव्हा सुनेला याच टेम्पोत घालून मोठ्या शहराकडे नेत होते. मुलगी वाटेतच झाली. शहर येईपर्यंत तिची आई राहिली नाही.

“तेव्हापासून आई एकच म्हणायची,” तो म्हणाला, “ते खोटं माझ्या तोंडातून बाहेर पडलंय, तर खरंही माझ्याच तोंडातून पडू दे. पण मागून वार करणार नाही म्हणाली. आधी भाऊंना तोंडावर सांगीन, मग मंचावर.”

“तोंडावर सांगितलं तिने?”

“सभेचं सूत्रसंचालनही तीच करायची. सभेआधी मंचावरच्या पाहुण्यांच्या नावांचा क्रम ठरवायला ती नेहमी भाऊंच्या खोलीत जायची. दोघंच. दुपारी मी तिला बंगल्यावर सोडलं आणि डिझेल भरायला गेलो. परत आलो तर भाचेसाहेब फाटकात. भाऊंचा भाचा, प्रचाराचं सगळं तेच बघतात. मला म्हणाले, आत जाऊन बिल्ल्यांची पिशवी घेऊन ये. घेऊन आलो तर म्हणाले, मावशी बसल्यात मागे, निघ. तेवढ्यात आईचा आवाज सुरू झालाच.”

“तू तिला पाहिलंस?”

“कशाला पाहू? बोलत नव्हतो ना आम्ही.” त्याने मान खाली घातली. “मागचा भाग पत्र्याने बंद असतो, खिडकीवर पोस्टरं. इंजिनाचा आवाज माईकमध्ये जातो म्हणून ती मागे बसते. मधल्या पत्र्यावर मी एक थाप मारतो, म्हणजे पुढे काहीतरी आलंय. ती दोन मारते, म्हणजे कळलं. त्या दिवशी मी थाप मारली तर उत्तरच नाही. परत मारली, तरी नाही. म्हटलं, राहू दे, अजून फुगलीये.” त्याने निवलेला चहा बाजूला सारला. “शेवटपर्यंत माझ्याशी बोलली नाही हो ती.”

“मैदानाच्या वाटेवर कुठे थांबलास?”

“वळणाच्या अलीकडे भाचेसाहेबांनी हात दाखवला. नवी पोस्टरं द्यायची होती. त्यांनीच मागचं दार उघडलं, गठ्ठा ठेवला आणि म्हणाले, मावशी घशाला विश्रांती देतायत, चल. मग मी वळण घेतलं.” तो कपाळ भिंतीवर हळूहळू आपटू लागला. “जोरात घेतलं. जोरात घेतलं.”

फौजदारने त्याचं डोकं आणि भिंत यांच्या मधे आपला तळहात धरला आणि तसाच धरून उभी राहिली.

३

बंगल्यावर माणसांची रीघ होती. हार आत येत होते, माणसं वाकत होती. भाऊंनी तिला आपल्या खोलीत नेलं आणि दार लोटताच डोळ्यांना रुमाल लावला.

“माझी आईच गेली हो, बाई. माझा आवाज गेला.”

खोली मोठी, थंडगार. भिंतीवर भाऊ फीत कापताना, भाऊ झाड लावताना, भाऊ म्हातारीच्या पाया पडताना. मधे संगमरवरी टेबल. टेबलाखालच्या फरशीवर एक लांबरुंद चौकोन बाकीच्या फरशीहून उजळ दिसत होता, जशी भिंतीवरचा जुना फोटो काढल्यावर मागे जागा दिसते.

“दुपारी मावशी इथे आल्या होत्या?”

भाऊंनी सोबत आत आलेल्या भाच्याकडे पाहिलं. भाच्याच्या दोन्ही कानांत फोनची यंत्रं, दोन्ही हातांत फोन. “आल्या, क्रम ठरवला आणि गेल्या,” तो म्हणाला. “नंतर भाऊ मौनात गेले. मोठ्या सभेआधी घसा राखायला भाऊ मौन धरतात. दुपारपासून थेट मंचावर चढेपर्यंत तोंडातून शब्द नाही. सगळ्यांना माहितीये.”

“शब्द नाही?”

“एक नाही. फोनसुद्धा नाही.”

“मावशी काही बोलल्या? रागावल्या होत्या?”

“छे हो,” भाऊ म्हणाले. “हसत गेली. त्यानंतर दिवस कलेपर्यंत सगळ्या गावाने तिला ऐकलंय. कोणालाही विचारा.”

फौजदारने खरोखरच कोणालाही विचारलं. फाटकावरच्या रखवालदाराला, चौकातल्या चहावाल्याला, इस्त्रीवाल्याला. सगळे एकच सांगत होते: मावशी दुपारभर फिरत होती, मैदानाच्या रस्त्याला लागेपर्यंत तिचा आवाज येत होता. म्हणजे ती तोवर जिवंत. आणि तेव्हा भाऊ कुठे? अध्यक्षांच्या स्वागताला, हजार माणसांच्या घोळक्यात. बोट ठेवायला जागा नाही.

ती निघाली तेव्हा मागच्या अंगणात भाऊंची बायको कपडे वाळत घालत होती. घरात नोकर असताना ती हे काम स्वतः का करते, असं वाटून फौजदार थांबली.

“वहिनी, मावशींना टेम्पोतून बोलताना तुम्हीही ऐकलंत?”

“ऐकलं.”

“ऐकलं?”

वहिनींनी ओला सदरा दोरीवर झटकला. थेंब फौजदारच्या चष्म्यावर उडाले. वहिनींनी खोलीच्या बंद खिडकीकडे एकदा पाहिलं आणि ओठ न हलवता बोलल्यासारख्या बोलल्या, “ऐकलं म्हणाले मी, बाई. पाहिलं म्हणाले नाही.”

४

शवविच्छेदनाचा अहवाल आणायला फौजदार दवाखान्यात गेली. दवाखाना म्हणजे एक लांबट बसकी इमारत आणि पुढे मोकळं मैदान. मैदानात तीन कोनशिला रांगेत उभ्या होत्या. तिन्हींवर एकच मजकूर, प्रसूतिगृहाची पायाभरणी. तिन्हींवर भाऊंचं नाव, प्रत्येक वेळी आधीच्याहून मोठ्या अक्षरांत. मागे भिंत सोडा, एक वीटही नाही. मधल्या शिलेवर कोणीतरी फडकी वाळत घातली होती.

डॉक्टर नजर चुकवत म्हणाले, “डोक्याला मार. पडून लागलेला. वरून फोन होता, लवकर मोकळं करा म्हणून. केलं.”

“मृत्यू कधी झाला?”

“मला ते विचारलेलंच नव्हतं.”

ती व्हरांड्यात आली, तर एक उंच सिस्टर कमरेवर हात ठेवून वाट अडवून उभी. “तुम्ही पोलीस ना? मग मेलेल्या माणसाविषयी बोलू नये म्हणतात तरी मी बोलणार. मला फार राग आलाय त्या बाईचा!”

“कोणाचा?”

“माईकमावशीचा! अहो, इतकी वर्षं ती या रस्त्याने फिरते. कोपऱ्यावरचं फार्मसीचं दुकान आलं की माईक बंद. फाटक, कुंपण, सगळं ओलांडून पलीकडच्या भिंतीपर्यंत जाईतो चिडीचूप. भाऊंचा विरोधक तिथे उभा राहून शिव्या देत असला तरी ती तोंड उघडायची नाही. आम्ही इतर प्रचारवाल्यांना सांगायचो, शिका जरा. आणि त्या दिवशी? फाटकासमोरून बोंबलत गेली! वॉर्डातली सगळी पोरं दचकून उठली. मी धावत बाहेर आले, हात केले, ओरडले. ढिम्म!”

“प्रचाराच्या जोशात विसरल्या असतील,” फौजदार मुद्दाम म्हणाली.

“विसरेल?” सिस्टरने तिला हाताला धरून वॉर्डच्या दारात नेलं. एकेका खाटेवर दोन दोन पोरं आडवी होती. कोपऱ्यातल्या खाटेवर एक तान्ही मुलगी, हाताला सलाईन, उशाशी शेजारीण पंख्याने वारा घालत होती. “ही कोण माहितीये? तिची नात. सुनेची ठेव. ताप उतरत नव्हता, सकाळीच आजी स्वतः ठेवून गेली. माझ्या पाया पडून म्हणाली, सिस्टर, हिची झोप मोडू देऊ नका. आणि दुपारी स्वतःच झोप मोडून गेली! आता सांगा, येईल की नाही राग?”

फौजदार त्या खाटेकडे गेली. कोठडीतल्या मुलाचे शब्द तिच्या डोक्यात आता नव्याने वाजले. मी थाप मारली, उत्तरच नाही. पुढे काहीतरी आलंय म्हणून मारायची ती थाप. पुढे दवाखाना आला होता.

भांडलेली आई मुलाला उत्तर देणार नाही, एक वेळ मान्य. पण आजारी नातीच्या उशाशी भोंगा वाजवेल?

“सिस्टर,” ती हळूच म्हणाली, “तुमचा राग चुकीच्या माणसावर आहे. त्या टेम्पोत मावशी नव्हत्याच.”

५

आवाज होता, माणूस नव्हतं. मग आवाज कुठला?

ते शोधायला वेळ लागला नाही. एकटी मावशी किती गावं फिरणार? म्हणून भाच्याने तिचा आवाज टेप करून आसपासच्या गावांतल्या टेम्पोंना वाटला होता. स्वतःच्या गावात मात्र ती जिवंत आवाजानेच बोलायची. टेप लावायला मी मेलीये का, असं तीच म्हणायची. शेजारच्या गावच्या टेम्पोवर फौजदारने ती टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. तीत एकालाही नावाने हाक नव्हती, एकही टोमणा नव्हता. चहावाल्याला तिने परत जाऊन विचारलं, “त्या दुपारी मावशीने तुला काय म्हणून हाक मारली?” चहावाला डोकं खाजवत राहिला. “मारली नाही खरी. म्हटलं, खासदारकीची निवडणूक आहे, आता आपल्यासारख्याला कोण विचारतंय!”

म्हणजे टेम्पो निघण्याआधीच मावशी गेली होती, आणि भाचा खोटं बोलत होता हे उघड. मुलाला बिल्ले आणायला आत पाठवून टेप त्यानेच लावली, वळणापाशी दार उघडून ती त्यानेच काढून घेतली. रिकाम्या जागेत बघून ‘मावशी विश्रांती घेतायत’ म्हणणारा माणूस निष्पाप कसा? पण जीव कोणी घेतला? भाच्याने की भाऊंनी? दुपारभर मौनात बसलेल्या माणसाला कसं पकडायचं?

सभेत मावशीच्या जागी सूत्रसंचालन केलं होतं शाळेतल्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी. मास्तर अजून त्याच धुंदीत होते. “काय तो जनसागर, मॅडम! अध्यक्षांनी माझी पाठ थोपटली!”

“तुम्हाला ऐनवेळी उभं केलं असेल ना? मावशी पोचल्या नाहीत म्हणून?”

“ऐनवेळी कसलं? चांगली तयारी करून गेलो. इस्त्रीचा सदरा, दोन चारोळ्या. दुपारीच फोन आला होता.”

“दुपारी?”

“हो. आणि कोणी करावा? खुद्द भाऊंनी!” मास्तरांची छाती फुगली. “ऐकूच येईना मला. कारण खिडकीखालून मावशीचा टेम्पो चालला होता. मी खिडकी लावली आणि म्हटलं, भाऊ, मावशी आहेत की, हा काय आवाज येतोय त्यांचा. तर भाऊ म्हणाले, ती येणार नाही, तू ये. मला वाटलं, बिनसलं असेल दोघांचं. आपण कशाला मधे पडा?”

फौजदारने मास्तरांच्या फोनमधली ती नोंद पाहिली. सगळं गाव मावशीला ऐकत होतं, तेव्हा ती आता येणार नाही हे एकाच माणसाला ठाऊक होतं. आणि ते सांगायला त्याने आपलं पवित्र मौन मोडलं होतं.

ठाण्यावर परतली तर बाकावर वहिनी बसल्या होत्या. पदराखालून त्यांनी एक पुरचुंडी काढली आणि फौजदारच्या हातात ठेवली. आत चष्मा होता. साधा, वाचायचा, एक काडी दोऱ्याने बांधलेली. डावी काच तडकलेली.

“कपाटाखाली सापडला. यांच्या खोलीत,” वहिनी म्हणाल्या. “याच्याशिवाय तिला पाहुण्यांचं एक नाव वाचता यायचं नाही. सभेला निघालेली बाई चष्मा टाकून जाईल? आणि गालिचा कुठे गेला म्हणून मी विचारलं, तर भाचा म्हणाला, धुवायला दिला. माझ्या घरातला गालिचा मला न सांगता कधीपासून धुवायला जायला लागला?”

“वहिनी, याचा अर्थ कळतो ना तुम्हाला? ते तुमचे…”

“कळतो.” त्या उठल्या. “माझी दोन्ही बाळंतपणं मोठ्या शहरात झाली, बाई. गार हवेच्या खोलीत, उशाशी फुलं. तिच्या सुनेचं टेम्पोत झालं. त्या टेम्पोवर माझ्या नवऱ्याचा हात जोडलेला फोटो होता. मला तो फोटो झोपू देत नाही.”

६

मग ती तुमच्या खोलीत आली, साहेब. आठवतंय ना? भाऊ आणि भाचा तुमच्यासमोर बसले होते, चहा आला होता. तिला कोणी बसायला सांगितलं नाही. तिने उभ्यानेच सगळं मांडलं.

“मावशी दुपारी भाऊंच्या खोलीत गेल्या आणि त्यांना तोंडावर सांगितलं की आज मंचावरून प्रसूतिगृहाचं बोलणार. भाऊंनी समजावलं असेल, धमकावलं असेल. त्या ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. झटापट झाली, मावशी संगमरवरी टेबलाच्या कडेवर आदळल्या. चष्मा कपाटाखाली गेला. तेव्हा डॉक्टर बोलावले असते तर कदाचित वाचल्याही असत्या. बोलावले नाहीत. सभा होती ना. भाचेसाहेबांनी गालिच्यात गुंडाळून मागच्या फाटकाने नेलं, वळणाखाली टाकलं, आणि गावात टेप फिरवली. ती कोणाकडून? तिच्याच पोराकडून.”

“चित्रपट काढा, बाई,” भाचा म्हणाला. “मावशी चिडली होती, दवाखान्यासमोर माईक बंद केला नाही. एवढ्यावरून खून?”

“चिडली होती? परवा तर तुम्ही दोघं म्हणालात, हसत गेली.”

भाच्याने कानातलं एक यंत्र काढलं.

“दवाखान्यात तिची नात झोपली होती,” फौजदार म्हणाली. “हे तुम्हाला ठाऊक असतं तर टेप मधे थांबवायची सोय केली असतीत. मावशी तिथे नेहमी गप्प होते, हेही गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. तुम्हाला नव्हतं. कारण त्या रस्त्याने तुम्ही फक्त काचा लावून जाता, आणि भाऊ उतरतात ते दगड बसवायला. ज्या आवाजावर तीन निवडणुका काढल्यात, तो कुठे थांबतो हे तुम्ही एकदाही ऐकलं नाहीत!”

भाऊंनी चहाची बशी खाली ठेवली. “माझं मौन होतं त्या दुपारी.”

“ड्रॉइंगमास्तरांच्या फोनमध्ये तुमचा फोन नोंदलाय, आणि तुमचे शब्द त्यांच्या कानात आहेत. ती येणार नाही. भाऊ, तेव्हा ती सगळ्या गावाला ऐकू येत होती. येणार नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

बोलून बोलून मोठा झालेला माणूस, त्याला शब्द सापडेना.

शब्द तुम्हाला सापडले, साहेब. तुम्ही चष्मा उचललात, उजेडात धरलात, खणात टाकलात आणि खणाला किल्ली लावलीत. “पंचनाम्यात आहे का हा? नाही. मग नाही.” आणि मग, अगदी वडीलकीच्या सुरात, “मतदान होऊन जाऊ दे, बाई. मग बघू. उगाच एका चांगल्या माणसाच्या वाटेत काटे नकोत. तुम्ही दमलायत. तुमची बदली सोयीच्या जागी करतो.”

निघायच्या आधी ती कोठडीपाशी गेली. गजांत हात घालून तिने मधल्या लोखंडी पट्टीवर एक थाप मारली. मुलाने दचकून वर पाहिलं.

“तू वळण जोरात घेतलंस तेव्हा मागे कोणी नव्हतं,” ती म्हणाली. “दवाखान्यापाशी तू थाप मारलीस तेव्हाही नव्हतं. ती तुझ्यावर रुसून गप्प नव्हती रे. ती असती तर दोन थापा आल्या असत्या.”

मग त्याने बोटं पट्टीवर ठेवली आणि हळूच दोन थापा मारल्या. आणि ज्या दिवसापासून तो आईच्या नावाने स्वतःला मारत होता, त्या दिवसानंतर पहिल्यांदा तो नुसता आईसाठी रडला.

७

भाऊ निवडून आले. येणारच होते.

विजयाची मिरवणूक निघाली. उघड्या जीपवर भाऊ, गळ्यात मावणार नाहीत एवढे हार. पुढे बँड, मागे भोंगे, भोंग्यांवर मावशीचाच आवाज. मेलेल्या बाईची टेप वाजवताना कोणाचीही जीभ झडली नाही. साहेब, तुम्ही मागच्या गाडीत होतात, बंदोबस्ताला.

मिरवणूक फार्मसीच्या दुकानापाशी आली आणि अडली. रस्त्याच्या मधोमध उंच सिस्टर उभी होती, हात वर करून. तिच्याशेजारी पंक्चरवाला, चहावाला, इस्त्रीवाला. ड्रॉइंगमास्तरही होते, मान खाली घालून, पण होते. आणि साध्या साडीत, दूरच्या ठाण्यातून रजा काढून आलेली, लंगडणारी फौजदार बाई. तिच्या कडेवर मावशीची नात.

“बंद करा,” सिस्टर म्हणाली. “दवाखाना आहे.”

बँडवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि वाद्यं खाली केली. भोंगेवाल्याने टेप थांबवली. एवढ्या मोठ्या गर्दीत अशी शांतता पसरली की कुंपणाआडची फडकी फडफडलेली ऐकू आली, मधल्या दगडावरची.

त्या शांततेत फौजदार बाईने एकच प्रश्न विचारला. आवाज मोठा नव्हता, गरजच नव्हती. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी ऐकला. भाऊंचे नमस्काराला जोडलेले हात तसेच हवेत राहिले. आणि साहेब, तुम्ही गाडीची काच वर केलीत, पण त्याआधी तुम्हीही ऐकलंत.

चष्मा तुमच्या खणात आहे. गालिचा तुम्ही शोधला नाहीत. मुलगा अजून गजाआड आहे आणि भाऊ संसदेत हात वर करून कायद्यांना मत देतायत. ते सगळं राहू दे. त्या दिवशी तिने विचारलं तेवढ्याच एका प्रश्नाचं उत्तर द्या. भाऊंना विचारून द्या, भाच्याला विचारून द्या, लेखी द्या, तोंडी द्या, पण द्या.

त्या दुपारी नात आत झोपली असताना, माईकमावशीचा आवाज दवाखान्यासमोर बंद का झाला नाही?